पहिल्या स्टेजचा वस्ताद

माझ्या धाकट्या भावाला लोक वस्ताद म्हणतात. मी बटण्या म्हणते. लहानपणी कुणाच्याही घरी नेला की हा भिंतीवरचं एकेक बटण दाबत सुटायचा. पंखा चालू, दिवा बंद. एकदा तर कुणाच्या तरी घरी पाण्याचा पंप चालू करून आला आणि त्यांच्या गच्चीवरून पाणी खालच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत राहिलं. आई चारचौघांत शरमेनं अर्धी व्हायची. तेव्हा नाव पडलं ते पडलं. आता त्याचे केस पिकलेत, चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर चष्मा शोधत फिरतो, पण माझ्या तोंडात दुसरं नाव येत नाही.

ही हकीगत त्याची आहे. पण मधेमधे मी येणार, कारण ज्या खोलीवरून हे सगळं झालं ती खोली मला हवी होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी जन्मभर इस्पितळात वॉर्डची मुख्य नर्स होते. गोडगोड बोलून काम होत नाही, हे मी तिथे शिकले आणि घरी आल्यावर विसरले नाही.

आमचं घर म्हणजे खाली रस्त्याला लागून एक मोठी खोली, तिला जोडून न्हाणीघर, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पार टोकाला संडास-मोरी. खालीवर जायला लोखंडी चक्री जिना. तो वडिलांनी जुन्या बाजारातून स्वस्तात उचलून आणला होता आणि ज्या घरासाठी तो मुळात केला होता ते आमच्याहून उंच असणार, कारण त्याची शेवटची पायरी वरच्या फरशीच्या वीतभर वर येते. तिथे नवा माणूस हमखास ठेचकाळतो. जुना माणूसही ठेचकाळतो, फक्त तो शिव्या मनात देतो. खालच्या खोलीत बटण्याचं दुरुस्तीचं दुकान. माझे यजमान गेल्यावर मी परत माहेरी आले आणि वर राहू लागले. बटण्यानं लग्न केलं नाही. दोनतीन ठिकाणी बघायला गेलो होतो, पण हा गप्प बसून समोरच्यांचा टीव्ही नीट लागत नाही याच्याकडे बघत बसायचा.

टीव्ही दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. मागे मोठं पोट असलेले ते जुने टीव्ही. मग टीव्ही सडपातळ झाले, बिघडले की लोक फेकायला लागले, आणि याच्या दुकानात माश्या मारायची वेळ आली. त्याच सुमारास दातांचे एक डॉक्टर पिशवीत एक करड्या रंगाची पेटी घेऊन आले. व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडायचा, वर कॅसेट खोचायची आणि हातात वायरवालं खेळणं धरून चौकोनी माणसाला खड्ड्यांवरून उड्या मारायला लावायच्या. डॉक्टर लहान असताना तसा गेम त्यांच्या मामेभावाकडे होता आणि तो यांना हात लावू देत नसे. आता मोठेपणी, स्वतःचा दवाखाना झाल्यावर, त्यांनी तो कुठून तरी विकत मिळवला आणि तो चालेना. माणसाच्या जिवाला काय काय लागून राहतं बघा.

बटण्यानं पेटी उघडली, पट्ट्या खोडरबरानं घासल्या, एक तुटलेली वायर डाग देऊन जोडली आणि कोपऱ्यातल्या जुन्या टीव्हीला लावून बघितली. चौकोनी माणूस पळायला लागला. डॉक्टर खुर्चीच्या कडेवर बसून लहान पोरासारखे बघत होते, असं बटण्यानंच मला वर येऊन सांगितलं. हे काय आहे ते त्याला काही कळलं नव्हतं. पण इतकं खूश झालेलं गिऱ्हाईक त्यानं कधी बघितलं नव्हतं, हे कळलं होतं.

मग एकाचे दोन झाले, दोनाचे दहा. कळलं असं की अशा पेट्या जमवणारी माणसं गावोगाव आहेत आणि त्यांना दुरुस्त करणारा मिळत नाही. बँकेतले एक साहेब यायला लागले. त्यांना आम्ही बँकवाले म्हणायचो. एक खोकेवाला यायचा. तो फक्त पेट्यांची रिकामी खोकी जमवायचा, त्याला आतल्या मालाशी काही देणंघेणं नव्हतं. बाकीचे येऊन जाऊन असायचे, पण हे तिघे दर रविवारी दुपारी हजर. बटण्या पेटी उघडायचा, हे तिघे भोवती वाकून बघायचे. नळाचा पाइप जिथून खालून वर येतो तिथे माझ्या खोलीच्या फरशीत बोटभर फट आहे. त्यातून सगळं ऐकू यायचं. "वस्ताद, आवाज चिरका येतोय." "वस्ताद, रंग फिके आहेत." माझ्या भावाला, ज्याला शाळेत मास्तर हजेरीतसुद्धा विसरायचे, त्याला मोठमोठी माणसं वस्ताद म्हणत होती. मला गंमत वाटायची आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटायचं.

या जमवणाऱ्यांच्या डोक्यात कधी काय येईल याचा मात्र नेम नसे. जुनं प्लास्टिक पिवळं पडतं. आधी सगळ्यांना ते पुन्हा पांढरं करून हवं होतं. बटण्या केस सोनेरी करायचं द्रावण आणायचा, पेट्यांना चोपडायचा आणि माझ्या गच्चीवर उन्हात वाळत घालायचा. माझ्या साड्यांना जागा नाही आणि दोरीखाली पेट्यांची रांग. मग एके दिवशी वारं फिरलं. पांढरं करणं म्हणजे पाप, पिवळं तेच अस्सल. ज्यांनी हौसेनं पांढरं करून घेतलं तेच याच्यावर डाफरायला लागले. एकानं तर पुन्हा पिवळं करून द्या म्हणून हट्ट धरला. बटण्या माझ्याकडे येऊन विचारत होता, चहाच्या पाण्यात बुडवून ठेवू का. त्यातही काही जण म्हणायचे की पेटी बंद पडली तरी चालेल पण तिचा स्क्रू फिरलेला नको. म्हणजे पेशंट गेला तरी चालेल, टाके नकोत. मी वॉर्डात असले नातेवाईक बघितलेत.

बटण्या हे सगळं मान खाली घालून ऐकायचा. लोक म्हणतात ते त्यांना कळत असेल, असं त्याचं मत. त्याचं काम एवढंच की पेटी चालू झाली पाहिजे. चालू झाली की कॅसेट खोचून पहिली स्टेज खेळून बघायची. तेवढ्यात आवाज कळतो, रंग कळतात, उडी नीट बसते का ते कळतं. पहिली स्टेज संपली की बंद. पुढची पेटी.

मग माझे गुडघे गेले. उभ्यानं नोकरी केली त्याची वसुली. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जिना बंद. ते सांगायला सोपं. मी त्यांच्याकडून परत आले, बटण्याच्या खांद्यावर भार टाकून, रडतखडत, एकेक पायरी बसून वर चढले आणि वर अडकले. खाली रस्ता, भाजीवाली, शेजारणी, सगळं जग खाली आणि मी खिडकीत. टोपली दोरीनं खाली सोडायची आणि कोथिंबीर शिळी आली तर वरूनच भांडायचं. भांडण्यातही मजा येत नाही अशी उंचावरून.

मी बटण्याला म्हटलं, मला खालची खोली हवी. माझी खाट तिथे लागेल, न्हाणीघर आहे, दार उघडलं की रस्ता. तुझं सामान हलव.

तो लगेच हो म्हणाला. वर दुसरी खोली होती, पण तिथे त्याच्या झोपण्यापुरतीच जागा. खाली तर भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर पेट्या. काही लोकांनी दुरुस्तीला दिलेल्या आणि न नेलेल्या, काही यानं सुट्या भागांसाठी घेतलेल्या, बऱ्याचशा चांगल्या चालत्या. माझ्या खाटेला जागा करायची म्हणजे त्या पेट्यांना घरं शोधायला हवीत. "त्यात काय, ताई," तो म्हणाला. "जमवणारे तुटून पडतील. मला फक्त कुणाला नाही म्हणायचं ते ठरवावं लागेल."

त्यानं फोन लावायला सुरुवात केली. कुणाला नाही म्हणायची वेळच आली नाही.

पूर्वी ज्यांनी याच्या दाराशी खेटे घातले होते ते आता गोडीत बोलायचे, तब्येत विचारायचे, माझे गुडघे विचारायचे आणि पेटीचं नाव निघालं की म्हणायचे, सध्या नको. सध्या म्हणजे केव्हा, हे कुणी सांगेना. बटण्या वर येऊन माझ्यासमोर बसायचा. मी विचारायची, पेट्या बिघडल्या का. नाही. लोकांना राग आलाय का. नाही. मग झालं काय. तो म्हणायचा, तेच तर कळत नाही. एक जण म्हणाला होता की ते सगळे खेळ आता फोनवर येतात. पण ते आधीही येत होते. दुसरा म्हणाला की शोधण्यात मजा होती, आता सगळं शोधून झालं. तिसरा म्हणाला, अहो वस्ताद, आता साखर सांभाळू की ती पेटी. यातलं कारण कुठलं आणि सबब कुठली? मी पेशंटच्या तोंडाकडे बघून सांगायची कुठे दुखतंय. या आजाराचं मला काही निदान होईना. कालपर्यंत ज्याच्यासाठी माणसं जीव टाकत होती ती वस्तू आज तशीच्या तशी आहे, आणि कुणालाच नको. वस्तूत तर काही बदललं नाही. मग ते जे काही होतं ते होतं कुठे?

शेवटी मी म्हटलं, फोन पुरे, रविवारच्या तिघांना विचार. ते तर नेतील.

तर झालं असं. पुढच्या रविवारी दातांचे डॉक्टर आले ते दोन पिशव्या घेऊन. त्यांच्या दवाखान्यातल्या कपाटातल्या पेट्या होत्या. मी फटीला कान लावून होते. ते म्हणाले, वस्ताद, दवाखान्यात जागा नाही, तुमच्याकडे या सुखात राहतील. आणि आमचे भाऊ म्हणाले, हो, ठेवा ना. पाठोपाठ बँकवाल्यांनी आपली आणली. खोकेवाला तर हातगाडीच घेऊन आला, त्याची बायको माळा साफ करत होती म्हणे. "तुमच्यासारखा दर्दी कुठे मिळणार, वस्ताद." मी वरून काठी आपटली. खाली वाटलं मला चहा हवाय. बटण्या वर आला आणि चहा करून माझ्यासमोर बसला.

त्या दिवशी मी त्याला फाडून खाल्लं. म्हटलं, घर रिकामं करायला निघालास आणि लोकांचा पसारा गळ्यात घेतोस? माझी खोली भरत चाललीय, कळतंय का? का मी इथेच वर मरू, म्हणजे मग मला दोरीनं टोपलीतून खाली सोड. तो बशीत चहा ओतत राहिला. मी म्हटलं, तोंड आहे का नाही? सरळ सांगायचं, घेऊन जा, ताईला खोली हवीय.

तो बशीतला चहा बघत म्हणाला, "सगळं घेऊन गेले, तर मग रविवारी येतील कशाला?"

मी म्हटलं, नाही आले तर नाही आले. मला पायऱ्या उतरता येत नाहीत आणि तुला रविवारची पडलीय. पण मग मी त्याचा चेहरा बघितला. त्याला माझीही पडली होती. दोन्हींची एकाच वेळी पडली होती आणि काय करायचं ते सुचत नव्हतं. तो एवढंच म्हणाला की त्यांचा जीव आहे त्या पेट्यांत, आज नको म्हणतात, उद्या परत मागायला आले आणि मी टाकून दिल्या असल्या तर काय तोंड दाखवू. बरं, तू म्हणतेस तेही खरं. आणि बशी तशीच घेऊन खाली गेला.

मी ठरवलं, मांजराच्या गळ्यात घंटा आपणच बांधायची. पुढच्या रविवारी तिघे आल्याचं ऐकलं आणि मी जिन्याच्या तोंडाशी बसून हाक मारली, मला खाली यायचंय, खुर्ची घेऊन या. दातांच्या डॉक्टरांनी एक बाजू धरली, बँकवाल्यांनी दुसरी. चक्री जिन्यावरून खुर्ची उतरवणं म्हणजे काय ते त्या दोघांना आयुष्यभर आठवेल. त्या वरच्या पायरीवर डॉक्टर ठेचकाळले आणि मी देवाचं नाव घेतलं. बटण्या खालून "जरा डावीकडे, जरा डावीकडे" म्हणत होता, आणि डावीकडे भिंत होती. खोकेवाला एका हातानं माझी काठी आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड धरून हसू दाबत होता.

खाली आले आणि कितीतरी महिन्यांनी ती खोली बघितली. बघायला काही उरलंच नव्हतं. फळ्या भरून जमिनीवर थप्प्या, थप्प्यांवर खोकी, टेबलाखाली वायरींच्या गुंडाळ्या, आणि मधे चार स्टुलं बसतील एवढी जागा. डाग देण्याचा तो करपट वास. माझी खाट जिथे लागणार होती तिथे छातीएवढा ढीग. मी काठी मांडीवर ठेवली आणि एकेकाला सुरुवात केली.

डॉक्टरांना विचारलं, यातलं तुम्हाला काही परत न्यायचंय का. त्यांनी बटण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, इथे आहे ते बरं आहे. वस्तादांचा जीव की प्राण आहे ते."

"त्याचं मी त्याला विचारीन. तुमचं सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाचं तोंड उघडायला वेळ लागतो. मग ते म्हणाले की खरं सांगायचं तर किती वर्षं त्यांनी पेटी चालूच केलेली नाही. मिळाली तेव्हा आठवडाभर खेळले, मग कपाटात ठेवली, मग आणखी घेतल्या. मामेभाऊ एकदा दवाखान्यात आला होता, त्याला मुद्दाम दाखवली, तर आपल्याकडे असा गेम होता हेच त्याला आठवेना. त्यानंतर काहीतरी गेलं. पण वस्तादांना सांगायचं कसं? त्यांना किती वाईट वाटलं असतं.

"मला?" बटण्या म्हणाला.

खोकेवाला म्हणाला की त्याचं तर आधीच संपलं होतं. खोक्यांवरची चित्रं बघायला आवडायची, आता डोळ्यांना बारीक दिसत नाही. पण सगळे येतात, आपण नाही आलो तर बरं दिसत नाही, म्हणून महिन्याला एखादं खोकं घ्यायचं आणि दाखवायला आणायचं. बायकोच्या शिव्या खाऊन.

बँकवाले राहिले होते. ते मुळात कमी बोलणारे. निवृत्त झाल्यापासून आणखी कमी. मी काठी त्यांच्याकडे रोखली. ते बटण्याकडे न बघता म्हणाले, "माझी पेटी आपोआप बिघडायची नाही, वस्ताद. आतला तो स्क्रू मीच ढिला करायचो. शनिवारी."

बटण्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "मला वाटायचं घरात लहान मूल असेल," तो म्हणाला. "नेहमी तोच स्क्रू."

"घरात कुणी नाही," बँकवाले म्हणाले.

मग सगळे बटण्याकडे बघायला लागले. दर्दी होता ना तो. एकटा उरलेला दर्दी. आता याच्या मनाला काय लागलं असेल, असं तिघांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मीही बघत होते. बटण्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, "मला पहिल्या स्टेजच्या पुढे काय आहे ते माहीत नाही."

कुणाला समजलं नाही. डॉक्टर म्हणाले, म्हणजे? तो म्हणाला की दुरुस्ती झाली का बघायला पहिली स्टेज पुरते, पुढे कधी गेलोच नाही. एकाही खेळात नाही. तो चौकोनी माणूस कुठे चाललाय, शेवटी पोचतो का, काही कल्पना नाही. खेळायला कधी आवडलंच नाही, डोकं दुखतं. पेट्यांची आवडही अशी काही नाही, टीव्ही बरे होते. "पण तुम्ही इतक्या लांबून, इतक्या प्रेमानं आणायचात. मी काय म्हणणार?"

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे चार शहाणी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांची भीड राखत बसली होती आणि त्या भिडेनं माझी खोली भरली होती. मला हसू यायला हवं होतं. मी बरोबर ठरले होते, चौघांचीही पोलखोल केली होती, आता ढीग हलणार होता. पण हसू येईना. मी त्या चौघांच्या मधे खुर्चीत बसले होते आणि माझं मलाच कळेना की मी काय उघडं केलं.

बटण्या फळ्यांकडे बघत होता. त्यानं हळूच विचारलं, "म्हणजे आपल्यातल्या कुणालाच नको होतं? मग इतकी वर्षं हौस कुणाला होती?"

मी त्यावर पुष्कळ विचार केला. दर रविवारी तिथे हौस होती, मी फटीतून स्वतः ऐकलीय. चारही माणसं खोटं बोलत नव्हती आणि चौघांपैकी एकालाही ती नव्हती. हे कसं जमतं ते मला कुणीतरी शिकलेल्या माणसानं समजावून सांगावं.

पेट्या शेवटी भंगारवाल्यानं नेल्या. तोही नाखुशीनंच, कारण त्याला तांबं हवं होतं आणि यांत प्लास्टिकच जास्त. चौघांनी मिळून टेम्पोत भरल्या. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. वाटलं होतं, एखादी तरी कुणी मागे ठेवून घेईल. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता की हा ठेवून घेतोय का, आणि कुणी ठेवली नाही. खोकेवाला सवयीनं खोक्यांच्या कडा सरळ करून भरत होता. डॉक्टर म्हणाले, सुटल्यासारखं वाटतंय. मग जरा वेळानं म्हणाले, का कुणास ठाऊक. टेम्पो गेला आणि ते सगळे रस्त्यावर उभे राहिले. पुढच्या रविवारचं कुणी काढलं नाही. येतो म्हणायला काही निमित्त हवं, आणि ते टेम्पोत गेलं होतं. हात झटकत एकेक जण निघून गेला.

मला खोली मिळाली. खिडकीशी खाट, दार उघडलं की रस्ता, भाजीवालीशी समोरासमोर भांडण. रात्री न्हाणीघरात जाताना भिंत धरावी लागत नाही. सगळं मनासारखं झालं आणि माझा जीव तिथे लागेना. भिंतीवर फळ्यांच्या पांढऱ्या खुणा राहिल्या होत्या आणि रविवार आला की बटण्या दुपारी केस विंचरून खाली यायचा आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचा. मी विचारायची, काय रे. काही नाही म्हणायचा. मी म्हणायची, फोन कर त्यांना, चहाला बोलाव. तो म्हणायचा, काय सांगू? काय आहे आपल्याकडे? मी चिडायची. त्याला ते खरंच कळत नव्हतं. माणसं त्याच्याकडे कशाला येत होती, याचं एकच कारण त्याला ठाऊक होतं आणि ते आम्ही वजनावर विकलं होतं. मला फार वाईट वाटायचं. मी ते त्याला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवून काय करणार, खोली तर मला हवीच होती.

असे काही रविवार गेले. मग एका रविवारी मी खिडकीशी पडले होते तर समोरच्या फुटपाथवरून बँकवाले जाताना दिसले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. आमच्या दाराकडे बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा कोपऱ्याकडे. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, दोन्ही हात मोकळे. एकदम मनात आलं, हा माणूस आमच्याकडे शेवटचा आला त्यानंतर त्याच्याशी कुणी चार वाक्यं तरी बोललं असेल का. ते तिसऱ्यांदा समोर आले तेव्हा मी खिडकीतून ओरडले, "साहेब, रस्ता मोजताय का?"

ते दचकले. रस्ता ओलांडून दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. माझी खाट बघून त्यांना आत येणं प्रशस्त वाटेना. बटण्या पायरीवरून उठून दारात गेला. त्याचा चेहरा उजळला होता. त्यानं सवयीनं हात पुढे केला, पिशवी घ्यायला.

"द्या इकडे. काय बिघडलंय?"

"काही नाही," बँकवाले म्हणाले. "काहीच बिघडलेलं नाही."

बटण्याचा हात तसाच पुढे राहिला. त्यानं त्यांच्या हातांकडे बघितलं, मागे जमिनीवर काही ठेवलंय का बघितलं. "मग?" त्यानं विचारलं. अगदी मनापासून विचारलं, त्यात टोमणा नव्हता.

बँकवाल्यांनी तो पुढे आलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि उभे राहिले.

बटण्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. काय चाललंय ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. हात किती वेळ धरू द्यायचा असतो हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं तो काढून घेतला नाही. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी ओरडते. मी म्हटलं, आता दोघंही आत या आणि दार लावा, वारा येतोय.